पिक कधी आणि पिक अप कधी: आंबा, फोन, वारा आणि कुडाळ स्टेशन

मागच्या एप्रिलातली गोष्ट. मालवणजवळ आमचा छोटा होमस्टे आहे, तिथे बंगळूरची एक फॅमिली येणार होती. सगळे मेसेज इंग्लिशमधे, आणि शेवटच्या मेसेजमधे बाईंनी विचारलेलं, 'कॅन वी पिक सम मँगोज ऑन सॅटर्डे?' बुकिंगचं सगळं माझा पुतण्या बघतो, त्याने 'येस मॅडम, रेडी' असं ठोकून दिलं आणि शनिवारी सकाळी हापूसच्या दोन पेट्या सुतळी बांधून पडवीत आणून ठेवल्या. मंडळी आली ती डोक्यावर टोप्या घालून, पोरांच्या हातात कापडी पिशव्या, आणि पेट्या बघून एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. त्यांना झाडावरचे आंबे काढायचे होते हो! पुतण्या मला बाजूला घेऊन म्हणतो, "काकी, पिक म्हणजे उचलणाच मा?"

नाही रे बाबा. आंब्याच्या बाबतीत नुसतं पिक म्हणजे काढणं, तोडणं, बाकी ठिकाणी निवडणं. उचलणं म्हणजे पिक अप. शेवटी त्याच पोरांना झेला, म्हणजे आंबे काढायची जाळीवाली काठी, देऊन बागेत नेलं आणि पुतण्याला तिथेच धडा दिला. झेल्याच्या पात्यात देठ अडकवून, थोडा देठ फळाला ठेवून आंबा जाळीत पाडायचा, नाहीतर चीक सालीवर ओघळतो आणि डाग पडतो, हे जे काम आहे ते पिक. आणि रात्री वाऱ्याने धप्पकन पडलेला आंबा सकाळी झाडाखाली जाऊन गोळा करायचा ते पिक अप. पिक केलेला पेटीत जातो, पिक अप केलेला पेटीत घालत नाहीत, त्याचं साठं नाहीतर आमरस. एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचा अर्धा घोळ कमी होतो.

त्यानंतर मी पुतण्या, शेजारचा रिक्षावाला आणि बोटीवरची दोन पोरं अशा चौघांना घेऊन संध्याकाळी बसायला लागले, आणि महिनाभर 'पिक अप' हे एकच क्रियापद घोटलं. ज्याला फ्रेजल व्हर्ब म्हणतात ना, म्हणजे साधं क्रियापद आणि त्याच्या शेपटीला अप, ऑफ, आउट असलं काहीतरी, त्यात टुरिस्टांशी बोलताना सगळ्यात जास्त कामाला येणारं हेच आहे असं माझं मत. ज्या क्रमाने शिकवलं त्याच क्रमाने इथे लिहिते.

आधी 'उचलणे' हातात धरा

पुस्तकं पिक अपचे वीस-पंचवीस अर्थ देतात आणि माणूस घाबरतो. घाबरायचं कारण नाही कारण आपलं 'उचलणे' जवळजवळ तेवढीच कामं करतं. बघा ना, पोर रडायला लागलं की आपण उचलतो, 'शी पिक्ड अप द बेबी'. फोन उचलतो. व्यापारी माल उचलतो. कुणाला पोलिसांनी उचललं म्हणतो, इंग्लिशमधेही 'द पोलीस पिक्ड हिम अप'. भजनाची चाल पटकन उचलली, 'ही पिक्ड अप द ट्यून'. जेवणाचा खर्च मी उचलतो, 'आय विल पिक अप द बिल'. दिवाळीनंतर धंदा उचलला, 'बिझनेस पिक्ड अप'. म्हणजे बारा आणे काम उचलणेच करतं. उरलेल्या चार आण्यात आपण आपटतो, त्यावर खाली जास्त लिहिलंय.

उच्चाराचं एक इथेच सांगून टाकते. पिक्ड लिहिलं तरी तोंडाने 'पिक्ट' म्हणायचं, 'पिकेड' नाही, आणि बोलताना तो ट पुढच्या अपला चिकटतो, पिक्टप. क्रियापद असेल तेव्हा जोर अपवर येतो आणि नाम असेल, म्हणजे पिकअप पॉइंट किंवा आंब्याच्या पेट्या भरून जाते ती पिकअप गाडी, तेव्हा जोर पिकवर. आपली पोरं दोन्हीकडे पिकवरच जोर देतात, चालतं, कळतं लोकांना, पण कानाला सवय असेल तर पाहुणा पटकन काय बोलला ते समजतं.

मधे कोण बसणार

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. 'पिक अप देम' असं आमचा रिक्षावाला रोज म्हणायचा. चूक. 'पिक देम अप'. नियम असा की मला, तुला, त्याला, तिला, त्यांना असल्या छोट्या शब्दांना पिक आणि अपच्या मधेच बसवायचं. मी, हिम, हर, इट, यू, अस, देम, सगळे मधे. हं, यातला मी म्हणजे इंग्लिश 'मी', मराठीतल्या मीशी गोंधळ करू नका. 'पिक मी अप ॲट सिक्स', 'कॅन यू पिक इट अप', असं.

पाहुणे, बॅग, पेटी असा पूर्ण शब्द असेल तर दोन्ही चालतं, 'पिक अप द बॅग' पण आणि 'पिक द बॅग अप' पण. मात्र वर्णन लांबलं की मधे कोंबू नका. 'पिक द टू फॅमिलीज कमिंग बाय द मॉर्निंग ट्रेन अप' असं म्हटलं तर अप येईपर्यंत ऐकणारा कंटाळतो. तिथे 'पिक अप द टू फॅमिलीज कमिंग बाय द मॉर्निंग ट्रेन'. रिक्षावाल्याला मी त्याच्याच भाषेत सांगितलं, लहान पोर दोघांच्या मधे बसतं, मोठा माणूस मधे पण बसेल नाहीतर कडेला पण, आणि लांबलचक बांबू असेल तर तो मागूनच बाहेर काढावा लागतो. त्या दिवसापासून त्याची चूक झाली नाही, खरंच.

थोडे अपवाद आहेत. 'पिक अप स्पीड' हे फोडत नाहीत. आणि पुढे 'पिक अप ऑन' येईल तेही अखंड ठेवायचं.

स्टेशनवरून आणणे

कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग 1998 साली सुरू झाला पण तो समुद्राला धरून जात नाही, आतून जातो, त्यामुळे मालवणला यायचं तर कुडाळला उतरून तीसेक किलोमीटर गाडीने यावं लागतं. म्हणजे आमच्याकडच्या प्रत्येक बुकिंगमधे पिक अप आलंच. आणि इथेच आपण 'आय विल पिक यू फ्रॉम द स्टेशन' लिहितो. अप गायब. भारतात सगळे असंच बोलतात, अर्थ पोचतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण बाहेरच्या माणसाला 'आय विल पिक यू' म्हणजे 'मी तुझी निवड करीन' असं वाटू शकतं, स्वयंवर असल्यासारखं. म्हणून 'आय विल पिक यू अप ॲट द स्टेशन' किंवा 'फ्रॉम द स्टेशन', दोन्ही बरोबर.

तसंच 'पिक अँड ड्रॉप' हे पण आपल्याकडचं. पूर्ण म्हणायचं तर 'पिक-अप अँड ड्रॉप-ऑफ'. सोडतो म्हणायला 'आय विल ड्रॉप यू ऑफ ॲट कुडाळ'. 'आय विल ड्रॉप यू ॲट कुडाळ' चालतं, फक्त 'आय विल लीव्ह यू' लिहू नका, त्यात सोडून जाण्याचा भाव येतो.

पुतण्याचा सध्याचा मेसेज असा असतो, कॉपी करा हवं तर: 'अवर ड्रायव्हर विल पिक यू अप आउटसाइड द मेन एक्झिट. इफ द ट्रेन इज लेट, डोन्ट वरी, ही विल वेट. प्लीज पिक अप इफ ही कॉल्स.' यात पिक अप दोनदा आलंय, एकदा माणसाला आणणं आणि एकदा फोन घेणं, आणि कुणी गोंधळलेलं मला तरी आठवत नाही. पावसाळ्यात या मार्गावर गाड्या मुद्दाम हळू चालवतात म्हणून तेव्हा 'लेट'वालं वाक्य तर हवंच.

एक सावधगिरी. 'आय पिक्ड अप अ गर्ल' असं वाक्य एकटंच टाकलं तर त्याचा अर्थ अनोळखी मुलीला पटवलं असा निघतो. बोटीवरच्या एका पोराने पाहुण्यांना अगदी भोळेपणाने सांगितलं की काल रात्री बस स्टँडवर 'आय पिक्ड अप टू गर्ल्स', बिचारा दोन विद्यार्थिनींना त्यांच्या लॉजवर सोडून आलेला! तिथे गेस्ट म्हणा, पॅसेंजर म्हणा, नाहीतर कुठून कुठे ते जोडा.

जिथे उचलायला काहीच नसतं

आता पुढची पायरी. इथे पिक अपच्या पुढे कर्म नसतंच. फोनचंच घ्या. "फोन उचलूक नाय तेनी" याचं आपण करतो 'ही इज नॉट पिकिंग माय फोन'. म्हणायचं असतं, 'ही इज नॉट पिकिंग अप'. बास, फोन शब्दही नको. कॉल शब्द घालायचा असेल तर 'आन्सर माय कॉल'. गंमत म्हणजे पूर्वी रिसीव्हर खरोखर उचलायला लागायचा म्हणून इंग्लिशमधे पिक अप आणि आपल्याकडे उचल, आता दोघंही काचेवर बोट फिरवतो पण शब्द तेच राहिले.

मग वारा. वाऱ्याला आपण उचलला म्हणत नाही, सुटला म्हणतो, वाढला म्हणतो, त्यामुळे हा अर्थ वेगळा पाठ करावा लागतो. आणि किनाऱ्यावर तो फार कामाचा. रात्री जमिनीकडून समुद्रावर मतलई वारा असतो, सकाळी तो पडतो, पाणी शांत, मग ऊन चढलं, जमीन तापली की समुद्राकडून खारा वारा यायला लागतो आणि दुपारनंतर लाटांची टोकं पांढरी दिसायला लागतात. म्हणून तर आम्ही स्नॉर्केलिंगला सकाळचीच वेळ देतो आणि पाहुणे उशिरा उठून भांडतात. त्यांना सांगायचं वाक्य, 'द सी इज काम नाऊ, बट द विंड पिक्स अप आफ्टर लंच'. बोटीवरच्या पोरांना मी हे एकच वाक्य आधी पाठ करायला लावलं. पूर्वी ती 'विंड इज कमिंग, नो गो' म्हणायची आणि पाहुण्यांना वाटायचं उगाच टाळतायत.

धंदा, विक्री, गर्दी, तब्येत, यांनाही असंच. जून आणि जुलै असे 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, ऑगस्टात बोटी बाहेर पडल्या की मार्केट जागं होतं, 'द फिश मार्केट पिक्स अप इन ऑगस्ट'. पर्यटनाचं म्हणाल तर 'थिंग्ज पिक अप आफ्टर दिवाळी'. आजारी माणूस सावरायला लागला तर 'शी इज पिकिंग अप'. यात कायम आधी कमी होतं आणि आता वाढतंय असा भाव असतो, म्हणून आधीच जोरात असलेल्या गोष्टीला पिक अप लावू नका. मे महिन्यात तारकर्लीला पाय ठेवायला जागा नसते तेव्हा 'बिझनेस इज पिकिंग अप' म्हणणं म्हणजे विनोदच.

'गाडीला पिकअप नाय' हे जे आपण म्हणतो ते बाईकवाल्यांचं नाम आहे, झटकन वेग घेण्याची ताकद. भारतात कुणालाही सांगा. परदेशी माणसाला सांगताना ॲक्सिलरेशन म्हणा.

न मागता आलेलं

सर्दी, सवय, भाषा, सिग्नल. या चौघांत सारखं काय, तर मुद्दाम घ्यायला न जाता ती आपल्याला लागतात. पुतण्या क्लासला न जाता टुरिस्टांकडून हिंदी शिकला, 'ही पिक्ड अप हिंदी फ्रॉम द टुरिस्ट्स'. इथे 'लर्न्ड' चूक नाही पण लर्न म्हटलं की बसून शिकलाय असं वाटतं. म्हणून 'आय पिक्ड अप इंजिनिअरिंग' म्हणत नाहीत, ते चालता चालता लागत नाही. सर्दीला 'आय पिक्ड अप अ कोल्ड ऑन द ट्रेन'. फोनला रेंज येण्याला 'माय फोन इज नॉट पिकिंग अप अ सिग्नल', रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, तिथून जाताना एखादा पाहुणा बोलता बोलता तुटला की काळजी करू नका, बाहेर पडला की तोच फोन करतो.

मराठीत उचललं, इंग्लिशमधे नाही

हेच ते चार आणे. उचलणे हातात धरा असं मी वर म्हटलं, आता कुठे सोडायचं ते सांगते, आणि हा भाग दोनदा वाचा.

आवाज उचलला, प्रश्न उचलला, कुणावर हात उचलला, यातल्या कशालाच पिक अप नाही, तिथे 'रेझ'. ग्रामसभेत पाण्याचा प्रश्न उचलला तर 'शी रेझ्ड द वॉटर इश्यू'. पाऊल उचललं म्हणजे 'टुक अ स्टेप'. फायदा उचलला, 'टुक ॲडव्हांटेज'. जबाबदारी उचलली, 'टुक ऑन द रिस्पॉन्सिबिलिटी'. विडा उचलला, 'टुक अप द चॅलेंज', इथे अप आहे पण पिक नाही. म्हणजे अंदाजे असं की उचलून वर केलं तर रेझ आणि उचलून अंगावर घेतलं तर टेकची कुठलीतरी भावंडं. मागणी उचलून धरली तर 'सपोर्टेड'. आणि साहेबांची उचलबांगडी झाली त्याला तर नुसतं 'ट्रान्स्फर्ड' म्हणून गप्प बसावं लागतं, ती मजा इंग्लिशमधे येत नाही.

'उचल' घेणं वेगळंच. बोटीवरचे खलाशी हंगामाच्या आधी मालकाकडून उचल घेतात, ती 'ॲडव्हान्स'. एकाने मला सरळ विचारलं, 'आय टुक पिकअप फ्रॉम ओनर' बरोबर ना? म्हटलं ऐकणाऱ्याला वाटेल मालकाची गाडी घेऊन पळालास.

आणि उलटं पण होतं. 'आय पिक्ड अप सम कोकम ॲट द मार्केट' याचा अर्थ जाता जाता कोकम विकत घेतलं, पैसे देऊन. मराठीत "बाजारातनं कोकम उचललं" म्हटलं तर समोरचा भुवया वर करेल. एका पाहुण्याने काजू आणि खाजं घेऊन आल्यावर मला हेच वाक्य टाकलं आणि माझ्या सासूबाईंनी, ज्यांना थोडं इंग्लिश कळतं, हळूच मला विचारलं, "पैसे दिल्यान मा तेनी?" तर पाहुणा पिक्ड अप म्हणाला म्हणजे चोरी नाही.

शेपटीला आणखी शेपूट

हे भराभर सांगते. 'पिक अप ऑन' म्हणजे न बोललेलं ताडणं. पाहुणे मासे बाजूला सारून भातच खातायत, तोंडाने छान छान म्हणतायत, आणि तुम्ही न विचारता डाळ आणून ठेवलीत, 'यू पिक्ड अप ऑन इट'. होमस्टेच्या धंद्यात ही कला इंग्लिशपेक्षा जास्त उपयोगी. 'पिक अप आफ्टर' म्हणजे कुणाच्या मागून पसारा आवरणं, किनाऱ्यावर पाटी लावायची असेल तर 'प्लीज पिक अप आफ्टर युवरसेल्फ', हे 'डोन्ट थ्रो गार्बेज'पेक्षा गोड वाटतं आणि पाळत कुणी नाही ते वेगळं. 'पिक अप व्हेअर वी लेफ्ट ऑफ' म्हणजे जिथे सोडलं तिथून पुढे सुरू, काल अर्धवट राहिलेल्या गप्पांना चांगलं. 'पिक अप द पीसेस' मात्र जड आहे, मोडलेलं परत उभं करणं. 2021 च्या मे मधे तौक्ते वादळ गेलं तेव्हा आमच्याकडे झाडं आणि विजेचे खांब आडवे, घरांची कौलं उडाली, त्यानंतरचे महिने 'वी वेअर पिकिंग अप द पीसेस'. काचेचा ग्लास फुटला आणि तुकडे वेचले तरी वाक्य तेच, प्रसंगावरून कळतं. आणि संध्याकाळी पाच वाजता लागतो तो चहा, 'पिक-मी-अप'.

पिक ऑन म्हणजे छळणं, पिक आउट म्हणजे निवडून काढणं, ती वेगळी घरं आहेत, आज नको.

सराव

रोज झोपण्यापूर्वी दिवसभरात मराठीत 'उचल' किती वेळा बोललात ते आठवा, चार-पाच निघतातच, आणि प्रत्येकाला विचारा, इथे पिक अप बसेल का रेझ, का टेक. वहीत लिहा, मोबाईलमधे लिहा, काहीही. त्या चौघांनी हेच केलं. पहिल्या आठवड्यात बोटीवरच्या पोरांची अर्धी वाक्यं चुकायची. ही पाच करून बघा: तिने मला जेटीवरून घेतलं. दुपारी वारा वाढतो. त्याने बैठकीत पार्किंगचा विषय उचलला. फोन उचल रे. तिने मालवणी आजीकडून उचलली.

उत्तरं: 'शी पिक्ड मी अप फ्रॉम द जेटी', मी मधे आहे बघा. 'द विंड पिक्स अप इन द आफ्टरनून'. तिसऱ्यात फसलात का? 'ही रेझ्ड द पार्किंग इश्यू'. 'पिक अप!' एवढंच. 'शी पिक्ड अप मालवणी फ्रॉम हर ग्रँडमदर'.

त्या बंगळूरच्या बाईंचा यंदा परत मेसेज आला, शब्द न् शब्द तोच, 'कॅन वी पिक सम मँगोज?' पुतण्याने मला न विचारता उत्तर टाकलं, 'ऑफ कोर्स मॅडम. यू पिक, आय विल पिक अप द वन्स यू ड्रॉप.'